महाराष्ट्रातील सायबर सुरक्षा आणि शासकीय नियमन

महाराष्ट्रातील सायबर सुरक्षा या विषयात राज्यातील संगणकजाळी, बँका, बंदरे, वीजयंत्रणा व नागरिकांचे आंतरजालावरील व्यवहार यांचे संरक्षण, तसेच त्यासाठी केंद्र व राज्य शासनाने उभारलेले कायदे, संस्था आणि कार्यपद्धती यांचा समावेश होतो. भारताच्या सायबर इतिहासातील अनेक महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्रात घडली आहेत. २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल बंद पडणे, २०१८ मधील पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ला, १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर उद्भवलेला वाद आणि पालघर येथील २०१२ ची अटक ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. यांपैकी पहिल्या तिन्ही प्रकरणांत संशयाची दिशा परदेशाकडे होती, परंतु गुन्ह्याचा तपास राज्याच्या पोलिसांकडे आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे अशी विभागणी असल्यामुळे 'हल्ला कोणी केला' या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा मुद्दा वारंवार पुढे आला.

कायद्याची चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यसूचीत, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दूरसंचार हे संघसूचीत, तर वीज समवर्ती सूचीत आहे. संविधानकारांच्या काळात 'सायबर' हा विषयच नव्हता, त्यामुळे तो कोणत्याही सूचीत स्वतंत्रपणे आढळत नाही. एकाच घटनेचे तुकडे करून ते तिन्ही सूच्यांत वाटून घ्यावे लागतात.

या क्षेत्रातील मूळ कायदा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा असून तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ मधील दुरुस्तीने त्याचे स्वरूप बरेच बदलले. कलम ६६ फ अन्वये सायबर दहशतवाद हा जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरला. कलम ६९ ने शासनाला संदेश अडवून पाहण्याचा आणि कलम ६९ अ ने संकेतस्थळे व अ‍ॅप बंद करण्याचा अधिकार दिला. कलम ७० अ खाली अत्यावश्यक माहिती यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. कलम ७० ब खाली भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाला, म्हणजेच 'सर्ट-इन'ला, वैधानिक दर्जा मिळाला. हे पथक २००४ पासूनच कार्यरत होते. कलम ७५ नुसार भारतातील संगणकाविरुद्ध परदेशातून केलेला गुन्हाही या अधिनियमाच्या कक्षेत येतो. कागदावर ही तरतूद फार व्यापक आहे, प्रत्यक्षात मात्र भारतीय पोलिसाचा अधिकार देशाच्या सीमेवर संपतो.

तपासाची यंत्रणा गावपातळीवर कशी चालते, हे नांदेड जिल्ह्यातील मुदखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणावरून स्पष्ट होते. तेथील रहिवाशाच्या खात्यातून पैसे गेले, तर त्याने १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवणे अपेक्षित असते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळते होण्याआधी ते गोठवता यावेत, हा त्यामागील हेतू आहे. गुन्हा स्थानिक ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात नोंदवला जातो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७८ नुसार तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो. महाराष्ट्रातील अनेक ग्रामीण ठाण्यांचा कारभार सहायक पोलीस निरीक्षकाकडे असल्यामुळे असे गुन्हे तपासासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावे लागतात. पुढे एखादा संदेश किंवा खाते परदेशी कंपनीच्या ताब्यात असल्याचे आढळले, तर तपास अधिकाऱ्याचा प्रस्ताव जिल्हा, राज्याचा गृह विभाग आणि केंद्रीय गृह मंत्रालय असा वर सरकत परस्पर कायदेशीर साहाय्य कराराच्या मार्गाने त्या देशाकडे जातो. भारत आणि अमेरिका यांच्यातील असा करार २००५ पासून लागू आहे. या मार्गाने उत्तर येण्यास महिने, क्वचित वर्षे लागतात. चोरलेली रक्कम मात्र काही मिनिटांत चार-पाच खात्यांतून फिरून गेलेली असते.

मराठवाड्यालाही मोठ्या रकमेच्या अशा चोरीचा अनुभव आलेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम ऑनलाइन पद्धतीने अनेक खात्यांत वळवण्यात आली होती.

राज्य शासनाने सायबर गुन्ह्यांसाठी 'महाराष्ट्र सायबर' हा स्वतंत्र विभाग उभारला असून तो गृह विभागाच्या अखत्यारीत आहे. १५ ऑगस्ट २०१६ रोजी जिल्ह्याजिल्ह्यांतील सायबर प्रयोगशाळांचे उद्घाटन झाले. पुढे ८३७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता मिळून नवी मुंबईतील महापे येथे मध्यवर्ती केंद्र उभे राहिले आणि १९४५ हा राज्याचा स्वतंत्र मदतक्रमांक सुरू झाला.

जवाहरलाल नेहरू बंदर, २०१७

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या घातक आज्ञावलीने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची संगणकयंत्रणा जगभर ठप्प केली. उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडून चालवले जाणारे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्यामुळे बंद पडले आणि कंटेनरांची नोंद हाताने करण्याची वेळ आली. हल्ल्याचे लक्ष्य भारत नव्हता. दुसऱ्या दोन देशांमधील वैराची झळ उरणच्या धक्क्यावर थांबलेल्या ट्रकचालकाला बसली, हे या घटनेचे वैशिष्ट्य. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने या हल्ल्याला रशियाचे लष्कर जबाबदार असल्याचे जाहीर केले. रशियाने ते नाकारले. एका भारतीय बंदराचे कामकाज बाधित होऊनही भारत त्या जाहीर दोषारोपात सहभागी झाला नाही.

कॉसमॉस बँक, २०१८

१९०६ साली पुण्यात स्थापन झालेली कॉसमॉस ही देशातील जुन्या व मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी या बँकेतून एकूण सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबवण्यात आले. ११ ऑगस्ट हा शनिवार होता. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातील एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. भारतातील या एटीएममध्ये कोल्हापूर, मुंबई आणि इंदूर येथील एटीएमचा समावेश होता. सोमवारी १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठवले गेले.

चोरीची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर पैशाची मागणी बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते. खात्यात रक्कम आहे की नाही हे तपासून तो संगणक होकार किंवा नकार कळवतो. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या दोहोंच्या मध्ये एक बनावट दुवा बसवला. त्यामुळे मागणी मुख्य संगणकापर्यंत पोहोचलीच नाही आणि बनावट दुवाच प्रत्येक मागणीला परस्पर होकार देत राहिला. साहजिकच कोणत्याही ठेवीदाराच्या खात्यातून रक्कम वजा झाली नाही. संपूर्ण तोटा बँकेचा ठरला.

गुन्हा पुण्याच्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात नोंदवला गेला. तपासात दोन स्तर स्पष्ट झाले. कार्डे घेऊन एटीएमवर गेलेली माणसे स्थानिक होती आणि ती सीसीटीव्हीच्या चित्रणावरून सापडली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने त्यांपैकी ११ जणांना दोषी ठरवून कमाल ४ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. हाँगकाँगला गेलेल्या रकमेचा काही भागही परत मिळवण्यात पोलिसांना यश आले. बँकेच्या जाळ्यात शिरणारे मात्र या खटल्याच्या आवाक्याबाहेर राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियावरील निर्बंधांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या तज्ज्ञ पथकाने मार्च २०१९ च्या अहवालात कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याचा समावेश उत्तर कोरियाने निर्बंध चुकवण्यासाठी केलेल्या सायबर चोऱ्यांमध्ये केला. उत्तर कोरिया असे आरोप नाकारत आला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने उत्तर कोरियाच्या ३ संगणकतज्ज्ञांवर आरोपपत्र ठेवले. त्याच वेळी उघड झालेल्या दुसऱ्या एका खटल्यात भारतातील एका बँकेतून २०१८ मध्ये चोरलेला पैसा फिरवल्याची कबुली आरोपीने दिली. चोरी पुण्यात झाली असली, तरी सूत्रधारांची नावे वॉशिंग्टन आणि न्यू यॉर्कमधून पुढे आली. याउलट, चोरीतील सर्वांत खालच्या फळीतील माणसांना शिक्षा झाली ती पुण्यात.

नियमनाच्या दृष्टीने या प्रकरणाचा परिणाम दूरगामी ठरला. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट ठरवून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांची ४ स्तरांत विभागणी करून व्यवहारांच्या व्याप्तीनुसार जबाबदाऱ्या निश्चित केल्या. सहकारी बँकांचे जाळे महाराष्ट्रात सर्वांत दाट असल्यामुळे या परिपत्रकांचा भार इथल्याच बँकांवर अधिक पडला.

मुंबईचा वीजपुरवठा, २०२०

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. उपनगरी गाड्या रुळांवरच थांबल्या. करोनाची साथ भरात असल्याने रुग्णालयांना जनित्रांवर अवलंबून राहावे लागले. अत्यावश्यक सेवांचा पुरवठा काही तासांत सुरू झाला, परंतु काही उपनगरांत वीज येण्यास रात्र झाली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले.

मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या ४०० केव्ही क्षमतेच्या वाहिन्या कळवा आणि पडघा परिसरातून येतात. त्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद असताना इतर वाहिन्याही एकापाठोपाठ बंद पडल्याने शहराकडे येणारा प्रवाह तुटला. अशा वेळी मुंबईला उर्वरित जाळ्यापासून अलग करून शहरातील वीजनिर्मितीवर चालवण्याची व्यवस्था अनेक दशकांपासून आहे आणि ती मुंबईच्या अभिमानाचा विषय राहिली आहे. त्या दिवशी शहराची मागणी आणि शहरातील निर्मिती यांचा मेळ न बसल्याने ही व्यवस्थाही टिकली नाही. तांत्रिक स्पष्टीकरण येथपर्यंत पूर्ण होते. तरीही ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी काही दिवसांतच घातपाताची शक्यता नाकारता येत नसल्याचे म्हटले आणि महाराष्ट्र सायबर विभागाकडे तपास आला.

त्या वर्षीची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय पुढील वाद समजत नाही. १५ जून २०२० रोजी लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत भारताचे २० सैनिक हुतात्मा झाले होते. त्यानंतरच्या ४-५ दिवसांत चीनमधून ४० हजारांहून अधिक सायबर हल्ल्यांचे प्रयत्न झाल्याचे महाराष्ट्र सायबरने जून महिन्यातच जाहीर केले होते. २९ जूनला केंद्राने कलम ६९ अ वापरून ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. वर्षअखेरपर्यंत ही संख्या दोनशेच्या पुढे गेली.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या रेकॉर्डेड फ्यूचर या खासगी सुरक्षा संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि न्यू यॉर्क टाइम्सने त्याला ठळक प्रसिद्धी दिली. संस्थेने 'रेडएको' असे नाव दिलेल्या, चीनशी संबंधित गटाने भारतातील वीजक्षेत्रातील १० संस्था आणि २ बंदरे यांना लक्ष्य केल्याचे त्यात म्हटले होते. देशातील ५ प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांपैकी ४ केंद्रांचा या संस्थांमध्ये समावेश होता. भारप्रेषण केंद्र म्हणजे कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहावी हे क्षणोक्षणी ठरवणारे नियंत्रणस्थान. मुंबईतील घटनेशी या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्याच अहवालात नमूद होते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ही बाब बहुधा हरवली.

१ मार्च २०२१ रोजी गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरचा अहवाल पत्रकार परिषदेत मांडला. राज्याच्या वीजयंत्रणेच्या संगणकांत १४ घातक आज्ञावल्या शिरल्याची, ८ जीबी इतक्या माहितीची संशयास्पद देवाणघेवाण झाल्याची आणि काळ्या यादीतील पत्त्यांवरून प्रवेशाचे प्रयत्न झाल्याची शक्यता त्या अहवालात वर्तवली होती. सायबर घातपाताला पुष्टी देणारे प्राथमिक पुरावे असल्याची राज्य शासनाची भूमिका होती.

केंद्राची भूमिका वेगळी होती. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग यांनी मुंबईतील वीजखंड मानवी चुकीमुळे झाला, सायबर हल्ल्यामुळे नव्हे, असे सांगितले. उत्तर आणि दक्षिण विभागाच्या भारप्रेषण केंद्रांवर हल्ले झाले होते हे त्यांनी मान्य केले, पण घातक आज्ञावली प्रत्यक्ष नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोहोचली नसल्याचे आणि हे हल्ले चीनने केल्याचा पुरावा हाती नसल्याचे स्पष्ट केले. सर्ट-इनने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि अत्यावश्यक यंत्रणांच्या संरक्षण केंद्राने १२ फेब्रुवारी २०२१ रोजी इशारे दिले होते व त्यांवर कार्यवाही झाली होती, असेही ऊर्जा मंत्रालयाने कळवले. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने पुराव्याविना केलेले आरोप बेजबाबदारपणाचे असल्याची प्रतिक्रिया दिली.

राज्यात महाविकास आघाडीचे आणि केंद्रात भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकार असल्याने या मतभेदाला राजकीय रंग चढला. पक्षभेद बाजूला ठेवला तरी मूळ अडचण उरतेच. संगणकात घातक आज्ञावली सापडणे आणि तिच्यामुळे वीज जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध करण्यासाठी संगणकातील नोंदी पुरतात. दुसरीसाठी त्या नोंदींची सांगड वाहिन्यांच्या बिघाडाशी मिनिटामिनिटाने घालावी लागते. तशी सांगड घालणारा पुरावा जाहीर झालेला नाही. तिसरी पायरी, म्हणजे आज्ञावली कोणत्या राज्यसत्तेच्या सांगण्यावरून पाठवली गेली हे ठरवणे, सर्वांत कठीण असते. घुसखोर तिसऱ्या देशांतील संगणक वापरतात आणि एकच आज्ञावली अनेक गट वापरत असतात. रेडएकोच्या कारवायांत आढळलेली 'शॅडोपॅड' ही आज्ञावलीही एकाच गटापुरती मर्यादित नव्हती. शिवाय एखाद्या राष्ट्राचे नाव जाहीर करणे म्हणजे पुढे काहीतरी करण्याची बांधिलकी पत्करणे होय. सीमेवर सैन्य मागे घेण्याची बोलणी चालू असताना केंद्राने ती पत्करली नाही. राज्याच्या गृहमंत्र्यांवर असे बंधन नव्हते.

एप्रिल २०२२ मध्ये त्याच खासगी संस्थेने लडाखजवळच्या राज्य भारप्रेषण केंद्रांवरील घुसखोरीचा दुसरा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हा हल्ल्याचे प्रयत्न झाले पण ते फसले, एवढेच केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले.

नियमांतून दिलेले उत्तर

भारताने शत्रूचे नाव घेण्याऐवजी आयात, परवाने आणि तांत्रिक नियम यांच्या मार्गाने उत्तर देण्याची रीत स्वीकारल्याचे दिसते. गलवाननंतर दोन-तीन आठवड्यांतच, २ जुलै २०२० रोजी, ऊर्जा मंत्रालयाने वीजक्षेत्रासाठी आयात होणाऱ्या सर्व उपकरणांची घातक आज्ञावलीसाठी तपासणी सक्तीची केली. विशिष्ट देशांतून आयात करण्यापूर्वी शासनाची परवानगी आवश्यक ठरवताना आदेशात कोणत्याही देशाचे नाव नव्हते. दूरसंचार क्षेत्रात १५ जून २०२१ पासून केवळ 'विश्वसनीय स्रोतां'कडूनच यंत्रसामग्री घेण्याचा नियम आला. त्यातही कोणाचे नाव नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. नियंत्रण यंत्रणा आंतरजालापासून अलग ठेवणे आणि प्रत्येक संस्थेत सुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमणे या त्यांतील प्रमुख अपेक्षा होत्या.

२८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी मात्र वाद ओढवून घेतला. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे, यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवणे त्यात बंधनकारक करण्यात आले. ग्राहकाची ओळख गुप्त ठेवणे हाच ज्यांचा व्यवसाय, अशा काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. लहान उद्योगांना पूर्ततेसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्यात राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव शासकीय यंत्रणांना व्यापक सूट आहे.

नागरिकांच्या अभिव्यक्तीवरील परिणाम

सायबर अवकाशावरील शासकीय अधिकार बाहेरच्या शत्रूबरोबरच आतील नागरिकावरही चालतो आणि त्या अधिकाराच्या मर्यादा ठरवणारे दोन महत्त्वाचे निवाडे महाराष्ट्रातील घटनांशी निगडित आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदबाबत फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि ते पसंत करणारी तिची मैत्रीण यांना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे अटक झाली. लावलेल्या कलमांमध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेले ६६ अ हे कलम होते. 'त्रासदायक' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणे हा त्यानुसार गुन्हा होता आणि या शब्दांची व्याख्या कायद्यात कोठेही नव्हती. या अटकेमुळे श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्याच निकालात कलम ६९ अ वैध ठरले. पाच वर्षांनी चिनी अ‍ॅपवर बंदी आली ती याच कलमाखाली.

दुसरा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा हे ठरवणारा शासकीय तथ्य-पडताळणी विभाग स्थापण्याची तरतूद २०२३ च्या नियमदुरुस्तीत होती. तिला विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिल्याने ती रद्द झाली.

मोबाइल इंटरनेट तात्पुरते बंद करण्याचा अधिकार केंद्र व राज्याच्या गृह सचिवांकडे असतो. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानुसार असे आदेश प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सेवा स्थगित करण्यात आली होती. अफवा रोखणे हे अशा आदेशांमागील नेहमीचे कारण असते. त्याच वेळी बाजारातील यूपीआय व्यवहार आणि विद्यार्थ्यांचे ऑनलाइन अर्जही थांबतात.

मे २०२५ मधील संघर्ष

पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने मे २०२५ मध्ये केलेल्या ऑपरेशन सिंदूरच्या काळात सायबर हल्ल्यांची लाट आली. महाराष्ट्र सायबरने 'रोड ऑफ सिंदूर' या अहवालात १५ लाखांहून अधिक हल्ल्यांची नोंद झाल्याचे आणि त्यांपैकी केवळ १५० यशस्वी झाल्याचे जाहीर केले. पाकिस्तानसह अन्य काही देशांतून काम करणाऱ्या ७ हल्लेखोर गटांचा त्यात उल्लेख होता. अशा आकड्यांचे वाचन सावधपणे करावे लागते. दाराची कडी वाजवून पाहावी तशी यंत्राने केलेली प्रत्येक चाचपणी मोजली तर संख्या लाखांत जाते. वीजकेंद्रात शिरकाव करणारा एकच हल्ला त्या सर्वांपेक्षा गंभीर असू शकतो. २०२० प्रमाणेच या वेळीही परकीय गटांची नावे घेऊन तपशील मांडणारी यंत्रणा एका राज्याच्या पोलीस दलाचीच होती.

आंतरराष्ट्रीय करारांमधील स्थान

शांततेच्या काळात दुसऱ्या देशाच्या वीज, आरोग्य यांसारख्या अत्यावश्यक सेवांवर सायबर हल्ला करू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये मांडले आणि आमसभेने ते एकमताने स्वीकारले. चीन त्या गटाचा सदस्य होता. हे तत्त्व ऐच्छिक असून ते मोडणाऱ्याला जाब विचारणारे न्यायपीठ नाही.

गुन्हे तपासासाठीचा सर्वांत जुना करार म्हणजे २००१ चा बुडापेस्ट करार. युरोप परिषदेने तो तयार करताना आपल्याला विश्वासात घेतले नाही आणि त्यातील माहिती मिळवण्याच्या तरतुदी सार्वभौमत्वाला बाधक आहेत, या भूमिकेतून भारत त्यापासून दूर राहिला. २४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविरुद्धचा नवा करार स्वीकारला आणि २५ ऑक्टोबर २०२५ रोजी व्हिएतनाममधील हनोई येथे तो स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. ४० देशांनी अनुसमर्थन दिल्यानंतर तो अमलात येईल. सहभागी देशांनी अहोरात्र चालणारा संपर्ककक्ष ठेवावा आणि दुसऱ्या देशाच्या विनंतीवरून संगणकातील पुरावा पुसला जाण्याआधी राखून ठेवावा, अशी तरतूद त्यात आहे. दडपशाही करणारी सरकारे विरोधकांची माहिती मिळवण्यासाठी तिचा वापर करतील, असा आक्षेप मानवी हक्क संघटनांनी घेतला आहे.